कळंबचा बेपत्ता पासपोर्ट

१

ऋतिक भोयरचा पासपोर्ट घरातल्या घरात नाहीसा झाला, तेव्हा देश सोडायला त्याच्या हाती दोनच दिवस उरले होते. देश सोडायचा म्हटल्यावर कुणाला वाटेल, पोरानं बँक बुडवली असेल. तसलं काही नव्हतं. कळंबचा हा पोरगा पोकर खेळायचा, कधी मकावला, कधी मनिलाला, आणि त्यावर त्याचं बरं चाललं होतं.

मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा अर्पिता झाडे यवतमाळच्या आपल्या ऑफिसात एका किराणा दुकानदाराला जीएसटी समजावत होती. ती कर सल्लागार. ऋतिक कॉलेजात तिच्या वर्गात होता, म्हणून त्याचं काम ती बघायची. निदान लोकांना तरी ती असंच सांगायची.

"अर्पिता, पासपोर्ट सापडून नाही राह्यला. कपाटातून गेला."

"नीट पाह्यलं का?"

"सारं घर उलथंपालथं केलं. डॉलर हायेत, घड्याळ हाये. फक्त पासपोर्ट नाही."

अर्पितानं दुकानदाराला हातानंच थांबवलं. परदेशी राहणाऱ्या माणसानं एप्रिल ते मार्च या वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस भारतात काढले, की कायदा त्याला इथला रहिवासी धरतो. मग त्यानं जगात कुठंही जिंकलेल्या पैशावर इथं कर लागतो. पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर तर सरळ तीस टक्के, वर अधिभार. हरलेले डाव, विमानाची तिकिटं, हॉटेलचं भाडं, काही म्हणता काही वजा होत नाही. जुलैत ऋतिक मकावला एक मोठी स्पर्धा जिंकला होता. तिथं त्यावर कर नव्हता. सप्टेंबरात आईच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून तो धावत घरी आला, आणि राहिला. आता फेब्रुवारी संपत आला होता. गुरुवारी रात्री नागपूरहून विमान होतं. ते चुकलं की दिवस भरले.

हे दिवस अर्पिताच मोजायची. 'निघ आता' असं दरवेळी त्याला तीच कळवायची, आणि कळवलं की त्या दिवशी तिला घास गोड लागत नसे.

"पोलिसात तक्रार दे," ती म्हणाली. "नवा निघायला वेळ लागीन, पण निदान नोंद तरी होईन."

"बाबा नाही म्हणतात."

"काकाजी तुझ्याशी बोलले?" अर्पिताला पासपोर्टपेक्षा याचंच नवल वाटलं. पोरगा पत्ते खेळून कमावतो हे कळल्यापासून नानाजी भोयरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"माह्याशी नाही. भिंतीकडं पाहून बोलले. म्हणे, पोलीस या घरात पाय ठेवणार नाहीत."

अर्पितानं फोन ठेवला आणि बुधवारची सगळी कामं पुढं ढकलली.

२

बुधवारी सकाळी ती कळंबला पोचली तेव्हा भोयरांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता, मागच्या ट्रॉलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या. कापूस निघून गेला होता आणि सरपणाची बेगमी चालली होती. ओट्यावर ऋतिकचा चुलतभाऊ रजत मोबाइल चाळत बसला होता.

"या मॅडम. चोर पकडाले आल्या का?"

"पहिले तुलेच पकडते," अर्पिता म्हणाली आणि त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसली. "तू ऋतिकवर नाराज हाये म्हणते सारं गाव."

रजतनं लपवाछपवी केली नाही. तोही मोबाइलवर पत्ते खेळायचा. मग सरकारनं पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले आणि हा हात चोळत बसला. मले संगं ने, मी तिकडं टेबलावर खेळीन, असं त्यानं ऋतिकला दहादा म्हटलं. ऋतिकनं साफ नाही सांगितलं.

"राग आलता. अजूनबी हाये. पण त्याचा पासपोर्ट घेऊन मी काय करू? माहा फोटो हाये का त्याच्यात? तो तिकडं गेला तर एखाद्या वर्षी मले बोलवीन. इथंच बसला तर मले कोण नेईन?" मग त्यानं बेरकी नजरेनं तिच्याकडे पाहिलं. "तो राह्यला तर फायदा कोणाचा होते, सांगू का मॅडम?"

अर्पिताचे कान तापले. पोरगा आगाऊ होता, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ऋतिक राहावा असं या घराबाहेर कुणाला वाटत असेल, तर ते तिलाच. गेल्या सहा महिन्यांत तो दर शनिवारी यवतमाळला यायचा, तिच्या ऑफिससमोर चहा प्यायचा, आणि ती शुक्रवारपासूनच शनिवारची वाट बघायची.

"बरं, कपाट कोण उघडते?"

"चावी खुंटीले टांगलेली असते. उघडाले कायची अडचण?"

म्हणजे चोर घरचाच. बाहेरच्यानं डॉलर सोडले नसते. घरात माणसं तीन. ऋतिक, त्याची आई तानाबाई आणि नानाजी. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं डोळे झाकून एकच नाव घेतलं असतं, आणि ती बाई आत काठी टेकत चहा करत होती.

"काकू," अर्पितानं स्वयंपाकघरात जाऊन सरळ विचारलं, "पासपोर्ट तुम्ही लपवला का?"

तानाबाईंनी गॅस बंद केला. त्यांचे डोळे भरून आले.

"लपवणार होती," त्या म्हणाल्या.

३

"सोमवारी दुपारी हे दोघं घरी नव्हते. म्या चावी घेतली, कपाट उघडलं," तानाबाई सांगू लागल्या. "मनात होतं, पिठाच्या डब्यात टाकून देतो. शुक्रवारी काढतो. माह्या पोट्ट्यानं सहा महिने मले न्हाणीपर्यंत हात धरून नेलं, अर्पिता. आता चालता येते तर तो चालला. असं वाटे, पाय बरा झालाच नसता तर बरं होतं."

"मग?"

"मग काय? तो नव्हताच. पाकीट रिकामं. मले वाटलं, पोट्ट्यानं मायचं मन वळखलं, अन् पह्यलेच काढून ठेवला. म्या गुमान कपाट लावलं. मंगळवारी तोच शोधाले लागला तवा कळलं, त्यानंबी नाही काढला."

ही बाई खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारी माणसं इतकं लाजिरवाणं खरं मधे घालत नाहीत. म्हणजे पासपोर्ट सोमवारी दुपारच्या आतच गेला होता.

अर्पितानं ऋतिकला हाक मारली आणि कपाट उघडायला लावलं. तो दाढी वाढवून, रात्रभर न झोपल्यासारखा दिसत होता. त्याच्याकडे फार वेळ न बघता तिनं कपाटात डोकं घातलं. मधल्या फळीवर रिकामं कातडी पाकीट होतं. डॉलर जागच्या जागी. घड्याळ जागच्या जागी. तिनं मोबाइलचा दिवा लावला. फळीच्या कोपऱ्यात तांदळाचे चार-पाच दाणे पडले होते. तिनं बोटावर घेऊन पाहिले. ते लाल होते.

"काकू, कपाटात कुंकू लावलेले तांदूळ कशाला?"

"कपाटात? कपाटात कायले येतीन? अक्षता देवापाशी असतात." तानाबाई देव्हाऱ्याकडे गेल्या आणि वाटी बघून पुटपुटल्या, "कमीच दिसतात. अन् परवापासून गणपतीपुढची सुपारीबी दिसत नाही. म्या म्हटलं उंदरानं नेली."

"आणखी काय नाही घरात?"

"यायची नवी दस्ती," म्हणजे नानाजींचा नवा रुमाल. "वाळत टाकली होती, ते गेली."

ऋतिक वैतागला. "अर्पिता, मी पासपोर्ट शोधून राह्यलो अन् तू सुपारी शोधते?"

"तू गप बस जरा." ती ओट्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेली. गुरुवारच्या चौकटीत अमावस्या होती. ती परत आली आणि तानाबाईंचा हात धरून तिनं हळूच विचारलं, "काकू, कुणाला लांब जायचं असलं, अन् निघायचा दिवस चांगला नसला, तर तुमच्याकडं काय करतात?"

"काय करतात म्हणजे? परस्थान ठेवतात. आधीच्या एका चांगल्या दिवशी त्याच्या प्रवासातली एक वस्तू घ्यायची, अक्षता, सुपारी घालायची, दस्तीत बांधायची अन् ज्या दिशेले जायचं तिकडच्या कोणाच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे निघणं त्या चांगल्या दिवशीच झालं असं धरतात. मंग अमावस्येले निघालं तरी बाधत नाही. आमचे सासरे तर बाजाराले जातानीबी..."

बोलता बोलता तानाबाई थांबल्या. तोंडावर पदर गेला.

"अर्पिता," त्या म्हणाल्या, "म्या नाही ठेवलं."

"माहीत आहे मला, काकू."

४

नानाजी मागच्या वाडीत लिंबाखाली बसून दोर वळत होते. अर्पिता त्यांच्यासमोर दगडावर टेकली.

"काकाजी, सोमवारी सकाळी कुठं गेलते?"

"अन्सारकडं. ट्रॅक्टरचं काम होतं."

"रजत म्हणते, ट्रॅक्टर आठ दिवसांपासून पऱ्हाट्या घेऊन अंगणातच उभा आहे. तुम्ही पायी गेलते. अन्सारभाईचं घर वर्धा रोडवर, गावातलं शेवटचं. नागपूरले जायची दिशा तीच."

नानाजींचे हात थांबले नाहीत. दोर वळत राहिला.

अर्पिता पुढं म्हणाली, "ज्याले ऋतिकचं जाणं मोडायचं होतं, त्यानं पासपोर्ट चुलीत घातला असता, नाही तर पिठात पुरला असता. त्याच्यावर अक्षता कोण टाकते? ज्यानं नेला त्याले ऋतिक नीट जावा असं वाटत होतं. काकू तो जाऊ नये म्हणून रडतात. रजतले हे परस्थान-बिरस्थान माहीत नाही. अन् ऋतिकनं स्वतःचंच ठेवलं असतं तर तो घर कायले उलथता? राह्यलं कोण?"

"पोलिसाची पोरगी शोभते," नानाजी म्हणाले. अर्पिताचे वडील पोस्टात होते.

दोराला आणखी एक पीळ देऊन ते बोलू लागले. "अमावस्येले चालला होता. मले कसंतरी वाटे. सांगाले जावं तर हासते. मागच्या टायमाले मायनं हातावर दही ठेवलं तर म्हणे, विमानात दही चालत नाही. म्हटलं, आपण गुपचूप ठेवू. त्याची कोणती वस्तू घ्याव? कपडे सारे तिकडचे, मले एकबी वळखू येत नाही. त्या पुस्तकात त्याचा फोटो होता. तेच घेतलं. जातानी अन्सारच्या दारात गाडी थांबवू अन् देऊन टाकू, असं मनात होतं."

"मग मंगळवारी त्यानं शोधला, तेव्हा का नाही सांगितलं?"

नानाजींनी दोर खाली ठेवला.

"सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो खाली बसला अन् म्हणे, जाऊ दे माय, बहुतेक जाणं होत नाही. ताट वाढ. अन् माह्या बाजूले येऊन बसला. सात वर्षांत माह्या पंगतीले बसला नव्हता तो. वांग्याची भाजी होती. त्यानं माह्या ताटात वाढली. म्हणे, बाबा, घ्या ना अजून." म्हाताऱ्यानं बाहीनं नाक पुसलं. "मंग म्या कायले सांगू?"

पाठवायला म्हणून नेलेली वस्तू ठेवून घ्यायला उपयोगी पडली होती. आणि अर्पितालाही, खरं सांगायचं तर, त्या क्षणी उठून निघून जावं असं वाटलं. शुक्रवार उजाडेपर्यंत गप्प बसायचं. नंतर शनिवार होताच.

"पोरी," नानाजी म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सांगू नको. पैसा जाईन ते जाईन. सरकारलेच जाईन ना? चोराले तर नाही."

५

लिंबाची पानं गळत होती. घरातून ऋतिकचा आवाज येत होता, तो आईला पलंगाखाली पुन्हा बघू का म्हणून विचारत होता.

"काकाजी, पैसा जाईन असं तुम्ही म्हणता, पण तो त्याच्याजवळ नाही," अर्पिता म्हणाली. "त्या मोठ्या खेळात बसायचे पैसे त्याच्या एकट्याचे नव्हते. चौघांनी त्याच्यावर लावले होते. जिंकला तसा त्यांचा वाटा त्यांना गेला. काकूंचं ऑपरेशन झालं. अन् घरी यायच्या आधी तो तिकडं काही डावही हरला. पण कर साऱ्या जिंकलेल्या पैशावर लागतो. वाटा गेला, हरला, हे कायदा ऐकत नाही. तो राहिला तर नोटीस येईन, अन् भराले त्याच्याजवळ काही नसीन."

"मंग?"

"मग तुम्ही वर्धा रोडचं वावर विकाल. तुम्हाला मी ओळखते. अन् तो ते आयुष्यभर मनाला लावून घेईन. तुमच्या बाजूला बसीन, पण मान खाली घालून बसीन."

नानाजींनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुले तो गेलेला पाह्यजे का?"

"नाही," अर्पिता म्हणाली. "मले तर तो कधीच जाऊ नये असं वाटते, काकाजी. तुमच्यापेक्षा कमी नाही वाटत."

नानाजी उठले. डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. "परस्थान उचललं की जाणारानं माघारी घराकडं फिरू नये," ते म्हणाले. "उद्या त्याले पोटभर जेवू घाल म्हण त्याच्या मायले. अन् पासपोर्ट कुठी हाये ते जेवल्यावरच सांगजो."

६

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर अर्पितानं सांगितलं. ऋतिकनं वडलांकडे पाहिलं, तर ते आधीच चपला घालून अंगणाबाहेर पडले होते, एकटे, वर्धा रोडच्या दिशेनं. तानाबाईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि घराचं दार आतून ओढून घेतलं. त्याचं जाणं त्यांना बघायचं नव्हतं.

रजतनं गाडी काढली. नागपूरपर्यंत तोच सोडणार होता. अर्पिता तिच्या गाडीतून मागोमाग गेली.

अन्सारचं घर म्हणजे पुढं ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड आणि मागं दोन खोल्या. अन्सारची आई हजराबी दारात बाजेवर बसली होती. नानाजी गाडीत बसायला तयार झाले नव्हते, ते अजून वाटेतच होते, गाड्या आधी पोचल्या.

"खाला, बाबांनी एक गाठोडं ठेवलं ना तुमच्याकडं?" ऋतिकनं विचारलं. "द्या ना, उशीर होऊन राह्यला."

"हाये ना बेटा. पेटीत ठेवलं. काय हाये ते म्या पाह्यलं नाही."

"पासपोर्ट हाये माहा."

"असंल. पण अमानत हाये. नानाजीभाऊनं माह्या हातात देली, त्याईलेच वापस देईन. तू त्याईचा पोरगा असला तरी तुले नाही देत. गुस्सा नको करू."

ऋतिकनं कपाळाला हात लावला. रजत हसायला लागला. अर्पिता मात्र रस्त्याकडे बघत होती. नानाजींनी मनात आणलं असतं तर ते अर्ध्या वाटेतून परत फिरू शकले असते. लिंबाखाली जाऊन दोर वळत बसले असते. विमान आपोआप चुकलं असतं, आणि कुणाला काही म्हणता आलं नसतं.

नानाजी आले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. हजराबी आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज झाला, आणि दस्तीत बांधलेलं लहानसं गाठोडं तिनं नानाजींच्या हातात दिलं. "सांभाळा भाऊ," ती म्हणाली.

बाप-लेक समोरासमोर उभे राहिले. वडलांच्या हातातलं गाठोडं घ्यायला ऋतिकनं हात पुढं केला नाही.

"बाबा," तो म्हणाला, "तुमी म्हणाल तर राहतो. काय व्हायचं ते होऊ दे. फक्त एकदा म्हणा."

रस्त्यावरून एक एसटी गेली. धूळ बसल्यावर नानाजींनी लेकाचा हात धरला, तळवा उघडला आणि गाठोडं त्यावर ठेवून बोटं मिटवली.

"म्हणत नाही," ते म्हणाले. "जा. मांगं पाहू नको."

ऋतिक वाकून त्यांच्या पाया पडला. अर्पितासमोरून जाताना क्षणभर थांबला. "शनिवारी फोन करीन," म्हणाला. तिनं मान हलवली. त्यापेक्षा जास्त काही केलं असतं तर तिला रडू आवरलं नसतं. गाडी निघाली. त्यानं मागं पाहिलं नाही, आणि अर्पिताला त्याचा फार राग आला.

गाडी वळणाआड गेली तरी नानाजी रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते. हजराबीनं पाण्याचा तांब्या आणून दिला, तो त्यांनी नुसता हातात धरला.

"पोरी, तुह्या त्या हिशेबानं," ते म्हणाले, "आता तो वापस कधी येऊ शकते?"

"एप्रिल लागला की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात, काकाजी. एक तारखेले आला तरी चालते."

"एप्रिल?" नानाजींनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे हा मार्च गेला की झालं? एवढंच? मले तर वाटलं सालभर..." ते चक्क हसले. "मंग तर त्याची खोली झाडून ठेवाले सांगतो त्याच्या मायले. वांगे तवापर्यंत राहतीन वावरात."

ते घराकडे चालू लागले, येताना होते त्यापेक्षा झपाझप. अर्पितानं त्यांना गाडीत घेतलं. ते वाटभर बोलत होते, खोलीला चुना लावायचा का, पंखा बदलायचा का. तिकडच्या मोठ्या स्पर्धा एप्रिलमध्येच सुरू होतात, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.